दोन बादल्या ऊन पाणी

सातवा महिना लागलाय आणि माझे केस पुन्हा दाट झालेत. शाळेतल्या बायका स्टाफरूममध्ये माझी वेणी हातात धरून बघतात, "काय लावतेस गं?" म्हणून विचारतात. काही लावत नाही बायांनो. साधं खोबरेल, आठवड्यातून दोनदा साधा शाम्पू आणि मोठ्या दातांचा कंगवा, बस्स. केसांचं कौतुक कुणी केलं की आता मला राग येतो, खरंच येतो. मागच्या खेपेला या केसांपायी माझ्या मायवर आळ आला. तो उतरवायला एक फोन पुरला असता. तो मी सात महिने केला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करत बसायला नको.

माहेर लातूर, सासर नांदेड. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी पोह्याची बशी बाजूला सारली आणि मला वेणी सोडायला लावली. गंगावन तर लावलेलं नाही ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. बी.एस्सी., बी.एड. झालेली मी, चार परक्या माणसांपुढे पाठमोरी उभी राहून वेणी सोडली. केस कमरेच्या खाली गेले. "हे बरंय," एवढंच त्या बोलल्या आणि लग्न ठरलं. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे केस माझ्यापेक्षा लांब. साठीला टेकली तरी अंबाडा घालायला तिला आकडे पुरायचे नाहीत. माझे केस तिच्यावरच गेलेत.

पहिल्या वेळेस दिवस गेले आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून केस असे काही वाढले की मलाच नवल वाटलं. कंगव्यात केस येईना. मोरीच्या जाळीत केस अडकेना. सासूबाई दर शनिवारी संध्याकाळी मला पुढ्यात बसवून तेल चोळायच्या. त्यांची बोटं फार चांगली, खोटं का बोलू? डोळे मिटायचे माझे. "आमच्या घरचं अन्न लागलं बघ अंगाला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. डोहाळजेवणाला वेणीत इतका गजरा माळला की मान दुखली. मला वाटलं होतं, हे लाड माझे चाललेत. लाड केसांचे होते. मी आपली केसांच्या खाली होते म्हणून मला मिळत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्यात लातूरला गेले. मुलगी झाली. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रे, आणि नांदेडहून सासूबाईंचा हुकूम: सव्वा महिना डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. डोक्यात तेल भरायचं, कानाला रुमाल बांधायचा, सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी घ्यायची. "आमच्या घराण्याची रीत हाय ती," असं त्यांनी मायला बजावून ठेवलं होतं. मायनं मान डोलावली. व्याह्यांच्या पुढे तिची मान दुसऱ्या कुठल्या दिशेला हलायचीच नाही.

पंधरा दिवसांत माझ्या डोक्याचं काय झालं ते विचारू नका. तेल, घाम आणि धूर यांचा थर बसला. मानेवर पुरळ उठलं. उशीला वास यायला लागला. लेकीला पाजायला घेतली की ती तोंड फिरवायची आणि मला वाटायचं, माझ्या वासानंच फिरवते. सोळाव्या दिवशी मी रडायलाच लागले. "माय, माझं डोकं धू. काहीही कर पण धू. नाहीतर मी कात्रीनं कापून टाकते."

माय काही अडाणी बाई नव्हती. तिनं आधी बाळंतपण झालं त्या दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. सिस्टर हसली म्हणे. "अहो, धुवा की! ऊन पाण्यानं धुवा, रगडू नका, पटकन पुसा अन् वारा लागू देऊ नका, झालं." मायनं तेच शब्द मला परत सांगितले, आणि मग ड्रमचं झाकण उचलून बघितलं.

लातूरच्या माणसाला ड्रमात वाकून बघणं म्हणजे काय ते कळतं. आमच्या भागात तेव्हा दहा दिवसांनी नळ यायचा. त्यात बाळाचे लंगोट, बाळंतिणीची अंघोळ, आला-गेला. मायनं दोन बादल्या बाजूला काढल्या आणि गॅसवर पातेलं चढवलं. त्या दिवशी बाबांनी ओल्या टॉवेलनं अंग पुसलं आणि माय अंघोळीवाचून राहिली. तिनं मला पाटावर बसवलं, एका हातानं माझे कान झाकले आणि दुसऱ्या हातानं तांब्या-तांब्यानं पाणी सोडलं. बोटांच्या पेरांनी हळूहळू मळ सोडवला. पाणी काळं निघालं. मी डोकं तिच्या गुडघ्यावर टेकवलं होतं. आयुष्यात इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

संध्याकाळी नांदेडहून व्हिडिओ कॉल आला. नात बघायची होती. माझे केस पाठीवर मोकळे, टोकं अजून ओली. सासूबाईंनी नात बघितलीच नाही.

"डोकं धुतलं?"

मायनं मोबाईल हातात घेतला. "लई बेजार झालं होतं लेकरू. सिस्टरला विचारूनच..."

"तुमच्याकडं प्यायला पाणी नाही म्हणता, अन् ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर बादल्या ओतता?" सासूबाई म्हणाल्या. "बघा आता. एक केस राहायचा नाही."

नांदेडला, गोदावरीच्या गावात बसून बोलणं सोपं असतं. माझा नवरा विष्णुपुरीला नोकरी करतो, रोज धरण बघत जातो-येतो. त्या घरात नळ धो-धो वाहतो. दोन बादल्यांची किंमत त्यांना कुठून कळणार!

तिसरा महिना संपता संपता मी नांदेडला आले, आणि चौथ्यात केस गळायला लागले. गळायला म्हणजे काय, झडायलाच. न्हाताना मुठीत यायचे. उशीवर, पोळीच्या पिठात, लेकीच्या मुठीत. एकदा तिच्या पायाच्या बोटाला केस असा करकचून गुंडाळला होता की बोट लाल झालेलं. ती रडून राहिली आणि मला कारणच सापडेना. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी टाळू दिसायला लागली. रात्रभर जागरण, दिवसभर पाजणं, आणि त्यात आरशात ही अशी बाई. सासूबाईंनी शनिवारचं तेल बंद केलं. "आता काय चोळायचं त्यात," असं म्हणाल्या. मला तेवढं पुरेसं झालं. मी भिऊन गेले.

पंचमीच्या आसपास माय नातीला बघायला आली. लातूरहून एसटीनं, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. ती पाणी पिते ना पिते तोच सासूबाई आतून एक पिशवी घेऊन आल्या आणि तिच्या पुढ्यात ठेवली. कॅरीबॅग होती, गाठ मारलेली. आत माझे केस. मोरीच्या जाळीतले, कंगव्यातले, महिनाभर गोळा करून ठेवलेले.

"हे बघा तुमच्या न्हाणीचा प्रताप."

मायनं पिशवीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बस, तेवढंच. मी सांगावं, याची ती वाट बघत होती. आणि सांगायला काय होतं? 'मीच रडले, मीच हट्ट केला, सिस्टरनं हो म्हटलं.' तीन वाक्यं. रोज वर्गात पन्नास पोरांपुढे घसा फाडणारी मी.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मी नको नको म्हणत होते," मी बोलले. "हिनंच ऐकलं नाही."

का बोलले? मला त्या घरात राहायचं होतं म्हणून. शनिवारचं तेल परत पाहिजे होतं म्हणून. चार महिन्यांची झोप नव्हती म्हणून. कारणं हवी तेवढी आहेत, त्यातलं एकही कामाचं नाही.

मायनं पदर सारखा केला. "हाव," ती सासूबाईंना म्हणाली. "माझंच चुकलं. मला कळायला पायजे होतं." मग ती जेवली, वाढलं तेवढं मुकाट्यानं जेवली, आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. मुक्कामाला म्हणून आणलेली पिशवी तिनं उघडलीच नाही.

पुढं काय, तर सासूबाईंनी इलाज सुरू केला. कुणीतरी जडीबुटीवाला दारावर आला होता, त्याच्याकडून हिरवं तेल घेतलं. बाटलीवर ना नाव ना गाव. वास असा उग्र की लेक जवळ येईना. "चांगलं औषध झोंबतंच," असं सांगून त्यांनी तीन दिवस लावलं. चौथ्या दिवशी टाळूवर फोड आले आणि एक डोळा सुजून बंद झाला. तेव्हा कुठं नवऱ्यानं गाडी काढली.

कातडीच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी बाटली हुंगली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शिकलेल्या आहात ना?" मी मान खाली घातली. मग त्यांनी नीट बसवून समजावलं. रोजचे गळायचे केस गरोदरपणात गळत नाहीत, शरीर त्यांना धरून ठेवतं, म्हणून वेणी जाड दिसते. बाळंतपणानंतर धरलेले सगळे एकदमच सुटतात. बहुतेक बायकांचं असंच होतं. "मी सोळाव्या दिवशी डोकं धुतलं होतं," मी हळूच म्हटलं. त्या म्हणाल्या, "चांगलं केलंत. त्याचा नि याचा काडीचा संबंध नाही. लेकीच्या वाढदिवसापर्यंत बरेचसे परत येतील."

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. साधा शाम्पू, कोमट पाणी. ओले केस ओढायचे नाहीत, घट्ट वेणी घालायची नाही. सध्या रंग, केस सरळ करायची औषधं, असली निनावी तेलं, काही नाही. अंगावर पाजताय, तर केसांच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत. रक्त तपासलं तर रक्त कमी निघालं, त्याची गोळी दिली. वर्षानंतरही गळत राहिले तर परत या म्हणाल्या. शंभर कामाची वाक्यं सांगितली बाईंनी. मला त्यातलं एकच ऐकू आलं: काडीचा संबंध नाही.

नवरा शेजारीच बसला होता. त्यानंही ऐकलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आईला सांगू नको. उगंच वाद." आणि मी 'बरं' म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झालेली, आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं वाटेत भाजी घेऊन घरी आलो.

सासूबाईंना नाही सांगितलं ते एक वेळ सोडा. पण मायला? माय दर रविवारी फोन करायची. नातीची चौकशी झाली, की आवाज एकदम बारीक करून विचारायची, "यायलेत का गं केसं?"

"येतील," मी म्हणायचे.

त्यातच सांगता आलं असतं. 'माय, तुझं काही चुकलं नव्हतं.' पण ते सांगायचं तर 'मी खोटं बोलले' हेही सांगावं लागणार. मला वाटायचं, फोनवर कशाला, समोर भेटू तेव्हा सांगू. मग वाटायचं, जुनं झालं आता, तीही विसरली असेल. विसरलेलं माणूस दर रविवारी विचारतं का? माझा तुसडेपणा तर असा, की कधीकधी मी वैतागून "काय एकच लावलंस" असंही बोलले तिला.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. कपाळाच्या कडेला बारीक बारीक केस उगवले, पहिल्यांदा लवेसारखे, मग चांगले बोटभर. एका रविवारी तिनं विचारल्यावर मी म्हटलं, "हो, यायलेत. चांगले दाट यायलेत."

पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं बाई. सुटले मी." मला वाटलं, जिवाला लागलेला घोर सुटला असं म्हणते.

वर्ष भरायच्या आत लेकीचं जावळ काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढतात, म्हणून भाऊ लातूरहून आला, मायला घेऊन. तिनं पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि कानाच्या मागे पिना मारलेल्या. मला वाटलं, उन्हाची आली म्हणून. न्हावी आला, लेक भावाच्या मांडीवर बसली आणि आकाशपाताळ एक करून रडली. डोकं झालं तशी मायनं पुढं होऊन तिला उचललं. लेकीनं रडता रडता आजीचा पदर मुठीत धरला आणि ओढला. पीन सुटली.

मायच्या डोक्यावर केस नव्हते. पांढरे खुंट तेवढे होते, आठ-दहा दिवसांचे.

"बाई बाई!" सासूबाई ओरडल्या. "धडधाकट नवरा असलेली बाई अन् हे काय करून घेतलं?"

मायनं एका हातानं पदर परत घेतला. लाजली ती, पण बोलली. "बालाजीला बोलले होते. लेकीचे केस आले तर माझे देईन म्हणून. इथून गेले ना त्या दिवशी, एसटीतच बोलले. आता आले तिचे, तर देऊन आले. देगलूरची बहीण होती संगं. त्यांच्याकडं सवाष्णी बी देतात." मग माझ्याकडे बघून हसली. "ऐकलं बघ देवानं."

लेकीला ओवाळायचं ताट तयार होतं. माय पुढं झाली तर सासूबाईंनी तिच्या हातातून ताट काढून घेतलं. "तुम्ही राहू द्या. असल्या डोक्यानं शुभकार्यात नको."

तिथं माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंवर ओरडले, सगळ्या भावकीसमोर ओरडले. "तिचा काय दोष आहे? डॉक्टरांनी सांगितलंय, धुण्याचा आणि केस जाण्याचा काडीचा संबंध नाही! सगळ्याच बायकांचे जातात आणि आपोआप येतात! विचारा तुमच्या मुलाला, तो होता सोबत!" नवरा मोबाईलमध्ये बघत होता. सासूबाईंचं तोंड पडलं. मला आत कुठंतरी बरंही वाटलं, की बोलले एकदाची. वरातीमागून घोडं, पण निघालं.

माय मात्र सासूबाईंकडे बघतच नव्हती.

"कवा सांगितलं डॉक्टरनं?"

मी लेकीचं टोपडं शोधायला लागले.

"कवा गं?"

"दसऱ्याच्या आधी."

तिनं मनाशी महिने मोजले. मला तिचे ओठ दिसत होते. मग तिनं लेकीला भावाकडे दिलं, पीन शोधून पदराला लावली आणि आत गेली. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर मी पायावर पडले असते.

"त्या दिवशी तू खोटं बोललीस," ती म्हणाली, "ते मी गिळलं. लेकराला सासरी राहायचं असतं. पण दर ऐतवारी मी विचारायचे की गं. तवा तुझ्याजवळ कोण उभं होतं?"

कुणीच नव्हतं. गच्चीवर जाऊन बोलायचे मी तिच्याशी.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तिचे केस आले, पांढरे, मानेपर्यंत. ती आता रविवारी फोन करत नाही, मी करते. ती नातीची चौकशी करते, माझ्या तब्येतीची करते. केसांचं विचारत नाही. सासूबाई हल्ली गल्लीतल्या नव्या बाळंतिणींना सांगतात, "घाबरू नको, ते नैसर्गिक असतं, धुवायला काही हरकत नाही." जशी काय त्यांचीच विद्या! मायचं नाव काढत नाहीत.

दुसरं बाळंतपण सासरीच करायची रीत. मी घरात सांगून टाकलं, मी लातूरला जाणार. कुणी अडवलं नाही. मागच्या रविवारी मायला फोन लावला. म्हटलं, "माय, नवव्यात येते तुझ्याकडं. सव्वा महिना राहते. डोकं तूच धुवायचं."

तिकडे भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"नको गं," ती म्हणाली. अगदी मऊ आवाजात म्हणाली. "तिथंच कर. आमच्याकडं पाणी न्हाई."

भावानं परवाच सांगितलं होतं. यंदा चौथ्या दिवशी नळ येतोय, गच्चीवर नवी टाकी बसवलीय, आणि ती काठोकाठ भरलेली आहे.